कोपऱ्यातल्या कपाटाचे दात

१

स्वयंपाकघरातली जुनी कपाटं नवी करायची म्हणजे आधी ती आणखी जुनी करावी लागतात. वरचा रंग खरवडायचा, त्याच्या खालचा खरवडायचा, त्याच्याही खालचा, आणि असं करत करत ज्या सुताराने ती बनवली त्याच्या रंध्यापर्यंत पोचायचं. पॉलिश वगैरे त्यानंतरची गोष्ट. ज्याने हे कधी केलेलं नाही तोच म्हणतो, त्यात काय एवढं, दोन दिवसांचं काम. घड्याळजी तसंच म्हणाला होता, आणि आज सहावा दिवस होता.

घड्याळजी म्हणजे तिचा नवरा. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं हातभर दुकान होतं आणि सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. ती स्वतः दातांच्या लॅबमध्ये कामाला. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येत, ती त्यांत प्लास्टर ओतून जबडे उभे करी आणि त्यांवर कवळ्या बसवी. सोळा वर्षांत तिने हजारो तोंडं हाताळली होती आणि चेहरा एकाचाही पाहिला नव्हता. इमारतीत तिला दातवाली म्हणत. सासूबाईंचे मात्र शहात्तराव्या वर्षीही सगळे दात जागच्या जागी होते, आणि सुनेपुढे तोंड वासायची वेळ आली नाही याचा त्यांना कोण अभिमान होता.

या तळमजल्यावरच्या घरात ते तिघं दोन महिन्यांपूर्वी राहायला आले होते. घर बरं होतं, पण स्वयंपाकघरातल्या कपाटांना रंगाची पुटं चढली होती. वर पांढरा, त्याखाली पिस्ता, त्याखाली निळा, आणि सगळ्यांत खाली अस्सल सागवान. तिने लॅबमधून आठवड्याची रजा घेतली, अकराही दारांच्या मागे खिळ्याने आकडे कोरले आणि एकेक दार उतरवायला घेतलं. स्क्रू ठेवायला घड्याळजीने आपल्या चिमुकल्या डब्या दिल्या. सासूबाई उंबरठ्याजवळ खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या.

"अगं, सुताराला बोलावलं असतं तर त्याचं काय वाईट झालं असतं?"

"सुतार हाताने करतो, आई. मीही हातानेच करते."

"तू कवळ्या करतेस."

"कवळीला चुकलं तर माणूस जेवत नाही. दाराला चुकलं तर फार तर दार वाजेल."

घड्याळजी दुकानातून आला की आधी स्वयंपाकघरात डोकावे. त्याला एक खोड होती. बंद वस्तू उघडून आत बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्नानंतर आठवड्याभरात त्याने तिचा केस वाळवायचा पंखा खोलून टेबलावर मांडला होता. ती भांडणारच होती, पण त्याची बोटं चालताना तिने पाहिली. लांब, कोरडी, केसाइतका स्क्रू उचलतानाही न थरथरणारी. भांडण राहूनच गेलं. माणूस तसा साधाच, दिसायला बेताचा, पण त्याच्या हातांवर तिचा जीव होता.

२

अकरावं दार कोपऱ्यातल्या कपाटाचं. ओटा जिथे काटकोनात वळतो तिथे हे कपाट होतं. बाहेरून दार अरुंद, आत मात्र पोकळी ओट्याखालून वळून थेट भिंतीपर्यंत गेलेली. अशा कपाटात डब्याचं झाकण गेलं की ते गेलंच समजायचं.

दाराच्या उभ्या कडेवरचा पांढरा रंग निघाला तेव्हा खाली लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेले ठिपके दिसले. लाकडात खड्डा असला की रंगारी लांबी भरतात, त्यात नवल नाही. हे ठिपके मात्र कमानीत होते. तिने पटाशीच्या टोकाने एक कोरून काढला, मग दुसरा, मग सगळेच. कडेच्या एका बाजूला एक कमान, दुसऱ्या बाजूला दुसरी, समोरासमोर.

उंदीर, असं ती मनाशी म्हणाली. पण उंदराच्या दातांची खूण तिला ठाऊक होती, दोन-दोन बारीक नाळी. मग पक्कड. एखाद्या अडाणी सुताराने दार पकडीने धरून ओढलं असेल. पण पकडीच्या जबड्यात समोर चार चपटे, मग एक टोकदार, मग रुंद असे दात नसतात. वरच्या डाव्या बाजूचा सुळा किंचित बाहेर वळलेला नसतो.

तिच्या हातून पटाशी खाली ठेवली गेली. माणसाने सागवानाला चावलं तर माणसाचे दात पडतात, सागवानाचं काही जात नाही. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी इथे प्रत्येक दात नखभर खोल गेला होता.

तिने पिस्ता रंग काढला. पहिल्या खुणेच्या बोटभर खाली दुसरी खूण होती, तिच्यातही लांबी. निळ्या रंगाखाली तिसरी. तिन्ही ठिकाणी तोच बाहेर वळलेला सुळा. तीन वेळा कुणीतरी खड्डे बुजवले होते, वरून झकास रंग मारला होता आणि पुढच्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. निळा रंग निदान चाळीस वर्षांचा असेल. चाळीस वर्षांत दात झिजतात, कडा बोथट होतात, आणि हे काम तर ती रोज बघत होती. इथे झीज नव्हती. उलट पांढऱ्या रंगाखालचा जबडा निळ्याखालच्यापेक्षा थोडा रुंद होता.

"काय गं, एवढी काय बघतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. जुनी खूण आहे."

३

शहाण्या बाईने त्या खुणा पुन्हा लांबीने भरल्या असत्या. पण सोळा वर्षांची सवय अशी हातातून जात नाही. दाताचा ठसा समोर आला की त्यात प्लास्टर ओतायचं, हे तिचे हात डोक्याला न विचारता करत. आणि इथे तर ठसा घ्यायचीही गरज नव्हती, कारण लाकूडच ठसा झालं होतं. तिने सगळ्यांत वरच्या, रुंद खुणेला आतून व्हॅसलीन चोपडलं, भोवती मातीची पाळ घातली आणि घरी असलेलं लॅबचं पिवळसर प्लास्टर कालवून एका बाजूला ओतलं. ते घट्ट झाल्यावर दार उलटं करून दुसऱ्या बाजूला.

संध्याकाळी दोन्ही तुकडे सुटून आले. वरचे दात, खालचे दात, सुबक, हवेचा एकही फुगा नाही. लॅबमध्ये कुणी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. तिने ते खिडकीत वाळत ठेवले.

घड्याळजीने ते हातात घेऊन भिंगाखाली धरले. "कुणाचे?"

"दाराचे."

"वा! आता दाराची कवळी करणार?"

सासूबाई हसल्या नाहीत. "दाराला कशाला दात द्यायचे? आधीच ते कोपऱ्यातलं कपाट मला आवडत नाही. आत हात घातला की आपला हात परक्याचा वाटतो."

"आई, तुमचा हात त्यात पोचतच नाही."

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

४

सकाळी दारावरची रुंद खूण गेली होती.

तिने कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. खालच्या दोन खुणा होत्या तिथे होत्या, वरची तेवढी भरून आली होती. याचं कारण तिला लगेच सापडलं, आणि सापडलं म्हणून बरंही वाटलं. दबलेल्या लाकडावर ओलं फडकं ठेवलं की लाकूड पाणी पिऊन वर येतं, सुतार तसेच पोचे काढतात. ओल्या प्लास्टरने तेच केलं असणार. फक्त नखभर खोल खड्डा एका रात्रीत असा काठोकाठ वर आलेला तिने कधी ऐकला नव्हता.

मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. प्लास्टरचे दोन्ही तुकडे होते, पण त्यांवर दात नव्हते. मोडलेही नव्हते, कारण मोडले असते तर खडबडीत बुडखे राहिले असते. दातांच्या जागी गोल, गुळगुळीत खळगे होते, जसे दात काढल्यावर हिरडीला पडतात.

"आई, तुम्ही याला हात लावला?"

"मी कशाला लावू त्या मेल्याला हात?"

दुपारपर्यंत दोन गोष्टी झाल्या. कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलेला लाकडी डाव अर्धाच मिळाला, आणि तो करवतीने कापलेला नव्हता. शिवाय आवाज यायला लागला. झोपेत एखादं माणूस दात खातं तसा, कर्रर्र, थांबून पुन्हा कर्रर्र. ती पॉलिश पेपर घासायची थांबली की आवाजही थांबे. तिने मुद्दाम घासता घासता मध्येच हात उचलला, तेव्हा तो क्षणभर एकटाच चालू राहिला आणि मग चपापल्यासारखा बंद पडला.

"कोण दात खातंय?" खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "तू नाहीस ना माझ्यावर?"

घड्याळजी जेवायला घरी आला होता. त्याने कान दिला आणि म्हणाला, "उंदीर. घूस असेल फार तर."

तिने डाव त्याच्यासमोर धरला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. ती चमक तिला चांगलीच माहीत होती.

५

"नका घालू हात," ती म्हणाली. "मी उद्या सुताराला बोलावते, तो सगळा खोका बाहेर काढेल."

"अगं, बघतो फक्त. आत भिंतीला भोक असेल, तिथूनच येत असेल ते."

तो पालथा झोपला, डावा हात कपाटात सारला आणि गाल फरशीला टेकवून चाचपत राहिला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. "भिंत लागतच नाही," तो म्हणाला. "केवढं खोल केलंय हे! थांब, काहीतरी गार लागलं. ओलं आहे. हे बहुतेक..."

त्याचं शरीर एकदम आत खेचलं गेलं आणि डोकं चौकटीवर असं आपटलं की ओट्यावरची भांडी वाजली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळाची कातडी फाटली. तो ओरडत नव्हता, तेच सगळ्यांत भयंकर होतं. ओरडायला लागणारा श्वासच कुणी ओढून घेतल्यासारखा तो नुसता तोंड उघडझाप करत होता, आणि आतून काड्या मोडल्यासारखा आवाज येत होता, सावकाश, एकामागून एक.

तिने त्याच्या कमरेला मिठी घातली, दोन्ही पाय ओट्याच्या पायथ्याला रोवले आणि जीव खाऊन ओढलं. सासूबाईंनी खुर्चीवरून उठून मुलाचे पाय धरले. तिघं ओढत होती, आणि आतलं एकच काहीतरी त्यांना पुरून उरत होतं. मग ते सुटलं आणि तिघंही मागे कोसळली.

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. तिसऱ्याचं हाड बाहेर आलं होतं. शेजारी टेकवून ठेवलेल्या दाराच्या नुकत्याच घासलेल्या सागवानावर रक्त उडालं होतं, आणि पॉलिश नसलेलं लाकूड पाणी पितं तसं ते रक्त पीत होतं. ती फडक्याने हात आवळत होती तरी तिची नजर दारावरच होती. थेंब पडले की क्षणात कोरडे होत होते.

६

"कुत्रं चावलं का?" इस्पितळात डॉक्टरने विचारलं.

"बिजागरीत अडकला," घड्याळजी म्हणाला. डॉक्टरने एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि टाके घालायला घेतले. तिने ते टाके पडण्याआधीची जखम नीट पाहिली. तळहाताच्या पाठीवर कमान होती. डावा सुळा किंचित बाहेर वळलेला. तिचंच काम, एकही फुगा नाही.

हे आपण केलं, असं तिच्या मनात स्वच्छ उमटलं, आणि त्यानंतर तिला कारणं शोधावीशी वाटली नाहीत.

परतताना रिक्षात तो पांढराफटक बसला होता. तरी तिचीच समजूत घालत होता. "उजवा आहे ना शाबूत. घड्याळं उजव्यानेच होतात. डाव्याने काय, नुसतं धरायचं असतं." थोड्या वेळाने म्हणाला, "उद्या मी ते उघडणार."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

"अगं, माझी दोन बोटं आहेत त्यात. आत काय आहे ते बघायला नको?"

"घर सोडून जाऊ. आजच. आईंना घेऊन."

"आणि आयुष्यभर विचार करत बसू, काय होतं म्हणून?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. बावीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस जिवाला घाबरेल, पण बंद दारापुढे हार मानणार नाही. तो उद्या आत हात घालणार. आणि आता घालायला एकच हात उरला होता.

रात्रभर ती जागी होती, पण रडली नाही. ती हिशोबीपणे विचार करत होती. तीन वेळा ते लाकडाला चावलं होतं आणि तीन वेळा कुणीतरी चाव्यात लांबी भरली होती. भरल्यावर ते वर्षानुवर्षं गप्प बसलं होतं. चावा भरलेला असला की त्याचे दात लाकडात अडकून राहतात, तिने तो रिकामा केला आणि दात मोकळे केले. तर आता त्याला पुन्हा लाकडात चावायला लावायचं, आणि भरायचं. लांबीपेक्षा पक्कं काहीतरी तिच्याकडे होतं.

७

सकाळी घड्याळजी गोळ्यांच्या गुंगीत झोपला होता. तिने सासूबाईंना त्याच्या उशाशी बसवलं.

"काही झालं तरी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका."

"आणि तू काय करणार आहेस?"

"दार बसवते, आई."

तिने दार बिजागऱ्यांना लावलं आणि चार बोटं उघडं ठेवलं. वाटीत कवळीची गुलाबी भुकटी घेतली, तिचं उग्र वासाचं पाणी शेजारी ठेवलं. दोन्ही एकत्र केली की आधी लापशी, मग रबर, आणि पाच मिनिटांत दगड. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. तिने पाणी ओतलं, ढवळलं, आणि डाव्या हाताची मूठ दाराच्या कडेला लावून आत धरली.

दवाखान्यात डॉक्टर रोग्याच्या तोंडात मेण ठेवून म्हणतात तेच तिच्या तोंडून निघालं. "चावा. घट्ट. सोडायचं नाही."

आत काहीतरी फरशीवरून सरपटलं. आधी वास आला, ओल्या प्लास्टरचा. मग फटीतल्या अंधारात ते पिवळसर दात दिसले, जुन्या लाकडाच्या रंगाच्या हिरडीत बसलेले, आणि मधल्या एका फटीत तिच्या नवऱ्याचं नख. जबड्यामागे डोकं असायला हवं होतं. तिथे नुसतं कपाट आत वळत गेलेलं होतं, ओलं, आणि श्वास घेत असलेलं.

ते आलं आणि चावलं. लाकूड आणि मनगट, दोन्ही एकदम. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाड कडकडलं तसं तिने उजव्या हाताने वाटी उलटी करून सगळी लापशी त्या दातांवर, दारावर आणि स्वतःच्या मनगटावर ओतली. एक मिनिट झालं. जबड्याला ते कळलं असावं, कारण त्याने झटका दिला, आणि दार तिच्यासकट चौकटीवर आदळलं. तिने पाय रोवले. दोन मिनिटं. गुलाबी लगदा गरम व्हायला लागला, म्हणजे तो बसत होता. जबड्याने दुसरा झटका दिला, तो पहिल्यापेक्षा हलका होता. दात लाकडात अडकत होते! तिचा हात जाईल, पण हे इथेच राहील. तिला रडू आलं ते आनंदाने. तीन मिनिटं. तिसऱ्या झटक्याला मनगटातलं काहीतरी तुटलं आणि ती किंचाळली.

एकदाच. पण तेवढं पुरलं.

"अरे ऊठ!" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "ऊठ लवकर, ती ओरडतेय! मरेल ती!"

"नको!" ती ओरडली. "आई, त्यांना धरा! दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं!"

तो दारात उभा होता, केस विस्कटलेले, कपाळावर पट्टी, डावा हात गळ्यात. त्याने तिचं मनगट पाहिलं, फरशीवरचं रक्त पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती एका क्षणात गेली. दुकानात एखादं अडलेलं घड्याळ समोर आलं की तो असाच शांत होत असे.

"हलू नकोस," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "ओढू नकोस, आणखी फाटेल. मी सोडवतो."

"माझं ऐका. तुमच्या पाया पडते. मला राहू द्या. हे बसत आलंय, अजून मऊ आहे, दोनच मिनिटं..."

"वेडी आहेस का? तुला अशी ठेवून घड्याळ बघत बसू?" त्याने तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. "बिजागरी कुठे आहे ते सापडलं की काहीही उघडतं. इथेच मागे असणार."

तिने त्याला खांद्याने ढकललं, डोक्याने धडक दिली, त्याच्या दंडाला दातांनी धरलं. तो कण्हला, पण थांबला नाही. त्याचा उजवा हात तिच्या मनगटावरून, गरम लगद्यावरून, त्या दातांच्या कडेकडेने आत गेला, बोटं जराही न थरथरता.

आणि तिच्या मनगटावरची पकड सैल झाली. एकेक दात सावकाश, अगदी जपून वर आला, आणि तिचा हात सुटला. त्याचा अजून आतच होता.